लांब तीन, अलीकडं एक

धोंडा उपडा पडला व्हता, तिथनंच सगळं सुरू झालं. ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून, चिंचंखाली. चांगला पुरुषभर लांबीचा काळा दगड, त्याच्यावर हौसरावाचं नाव कोरलेलं, आन् नाव जमिनीकडं. गावातली रिकामटेकडी त्याच्यावर बसून तंबाखू मळायची, बोटाला चुना लागला की दगडालाच पुसायची. दुष्काळी कामावर खडी फोडून घरला येताना मी रोज ते बघायची आन् रोज तळपायाची आग मस्तकाला जायची. पण बोलायची न्हाई. तीस वर्सं तोंडाला कुलूप घातलेलं, ते एका दिसात कसं निघावं?

मी सोजरबाई. दौंड तालुक्यातली हिंगणवाडी माझं गाव, भांडगावाच्या पलीकडं, पुण्याकडनं दौंडाला जाणाऱ्या रुळाच्या कडंला. आमची वस्ती बौद्धवाड्यातली. मालक रेल्वेत चावीवाले व्हते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा, हातात पाना, पाठीवर पिशवी घेऊन सहा मैल रूळ चालायचा. रूळ जाग्यावर धरणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकायची, ढिला नट आवळायचा. गँगची बाकीची माणसं स्टेशनाच्या चाळीत राहायची, गावात रेल्वेवालं घर आमचं एकटंच. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची आमच्या पिढीत रीत न्हाई, म्हणून मी त्यांना साहेबरावचा बाप म्हणते. साहेबराव माझा ल्योक, बापाच्या जागी त्याच रुळावर चावीवाला लागलाय.

आन् हौसराव म्हंजी नदीपलीकडचा, शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याचा गडी. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाला, तारा तोडल्या, रूळ उखडले. त्याच्या नावानं आमच्या मुलखात दोन तट. कुणी म्हणायचं वाघ व्हता, कुणी म्हणायचं गुंड. उगं साळसूदपणा कशाला करू, गुंडगिरी त्यानं केली. पोलिसाला खबर देणाऱ्या एकाचे तळपाय त्यानं काठीनं असे फोडले की तो माणूस आजबी लंगडतो, मी डोळ्यानं बघते. पण त्याच्यावरचा मोठा डाग तो न्हवं. मोठा डाग असा, की त्यानं आमच्या शिवेत बॉम्ब लावून बायकापोरांनी भरलेली पॅसेंजर उडवायला काढली, आन् देवाची किरपा म्हणून गाडी वाचली. तिथंच तो धरला गेला आन् चव्वेचाळीस साली तुरुंगातच मेला.

बाहत्तर साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्सं झाली. सरकारनं तालुक्याला दगडी खांब उभे केले, लढलेल्या माणसांची नावं कोरली. हौसरावाचं नाव कुठंच आलं न्हाई. यादी करणारांनी म्हणं त्याच्या नावापुढं ‘बॉम्ब’ असं लिहून फुली मारली. त्याची बहीण रंगुबाई, साठीची रांडमुंड बाई, तिनं पेटीत जपलेलं डोरलं मोडून दगड घडवून घेतला आन् बैलगाडीत घालून आमच्या गावात आणला. दुष्काळानं भीमेची नुसती वाळू झालेली, गाडी पात्रातनंच आली. तिला तो दगड रेल्वेच्या फाटकापाशी उभा करायचा व्हता, जिथं भाऊ धरला गेला तिथं. आमच्या सरपंचानं, सर्जेरावानं, तो उतरवून घेतला आन् उपडा घालून ठेवला. म्हणाला, सभेत ठरू द्या. रंगुबाई म्हणाली, मेल्याच्या नावाचा दगड नदी ओलांडून आला की माघारी नेत न्हाईत, आता मी हितनं हलवायची न्हाई. मग ती दर आयतवारी चालत यायची आन् त्या दगडापाशी बसून जायची. कुणी तिला पाणीबी इचारायचं न्हाई.

डिसेंबरात दवंडी झाली. सर्जेरावानं सभा लावली व्हती, आन् ठराव असा, की तो दगड फोडून फाटकाच्या रस्त्याला खडी करायची. खडी फोडायच्या कामावर आमच्याच वाड्यातल्या बाया. म्हंजी हौसरावाच्या नावावर हातोडी घालायची पाळी माझ्याच हातावर यायची. ज्याच्या जिवावर माझ्या घरात तीस वर्सं भाकर शिजली, त्याच्या नावावर.

त्या सांजंला मी साहेबरावला सगळं सांगितलं. बाप वर्साखाली वारले, पण त्यांनी त्यालाबी कधी सांगितलं न्हवतं. त्यानं ऐकलं आन् तोंड बारीक केलं. म्हणाला, आई, झाकली मूठ राहू दे. बापानं केलेलं बाहेर आलं तर माझीबी नोकरी जाईल, दोन पोरं हायती मला. मी त्याला काय दोष देऊ? दुष्काळात पगाराचं घर, ते कोण पेटवून देतं? मी एवढंच म्हणले, तू नको बोलू, मी बोलते. मी काय रेल्वेची नोकर न्हाई.

आता खरं काय झालं ते ऐका. बेचाळीसच्या डिसेंबरात हौसरावानं मिलिटरीची मालगाडी पाडायचं ठरवलं व्हतं. रोज सकाळी आधी मालगाडी यायची, मागनं पॅसेंजर. रूळ खोलायला पाना पायजे. तो पाना आमच्या घरातला. साहेबरावच्या बापानं दिला व्हता, आपल्या हातानं, आपल्या खुशीनं. त्यांचं म्हणणं, राज्य कुणाचंबी येवो, पण हे गोऱ्यांचं जावो.

त्या दिशी धुकं असं, की हात लांब केला तर बोटं दिसंनात. साहेबरावचा बाप स्टेशनावरनं गस्तीला निघाले आन् निघताना कळलं, रातच्या गाडीचा गार्ड निरोप देऊन गेलाय, आज मालगाडी मागं ठेवणार, दौंडाकडनं पॅसेंजर आधी सोडणार. तार करावी तर तारा ह्याच लोकांनी आठवड्यापूर्वी तोडलेल्या. मग ते दोन मैल पळत सुटले. वळणावर पोचले तवा रूळ खोलून बाजूला काढलेला, हौसराव आन् तिघं गडी झाडीत बसलेले. यांनी सांगितलं, पॅसेंजर येतीया, बायका-पोरं हायती. तिघं गडी नदीकडं पळाले. हौसराव पळाला न्हाई.

रूळ परत बसवणं यांनाच जमण्यासारखं, म्हणून यांनी जागा सोडायची न्हाई. गाडीम्होरं कुणी तरी पळायला पायजे. बावटा धुक्यात दिसायचा न्हाई. यांच्या पिशवीत चार फटाके व्हते. दिवाळीचे न्हवं, रेल्वेचे. पत्र्याची चपटी डबी असती, रुळावर बांधायची; इंजिनाचं चाक वरनं गेलं की बंदुकीवाणी आवाज निघतो आन् डायवरला कळतं, म्होरं धोका हाय, थांब. ते कसेबी लावायचे नसत्यात, त्याचा कायदा असतो. यांनी हौसरावाला घाईघाईत शिकवलं: तारंचे खांब मोजत पळ. विसाव्या खांबाला तीन लाव, दहा-दहा पावलांवर. माघारी येताना दहाव्या खांबाला एक. लांब तीन, अलीकडं एक.

हौसरावानं पिशवी घेतली आन् जाताना सांगितलं, “गड्या, तुझं नाव माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई. तूबी तोंड उघडू नको. शब्द दे.” यांनी दिला.

तो धुक्यात पळाला, गाडीच्या अंगावर. चारी फटाके बरोबर लावले. चौथा बांधून होतोय तवर गाडी आली, डायवरनं ब्रेक मारला, उघड्या रुळापासून लांबच गाडी थांबली. पण गाडीत पोलीस व्हते, ते उतरले, आन् हौसराव फटाक्याच्या पिशवीसकट सापडला. नदीकडं पळाला असता तर सुटला असता. तेवढ्या येळात यांनी रूळ बसवून गस्त धरली, म्हणून यांच्यावर कुणाचा संशय आला न्हाई. पोलिसांना बॉम्बच पायजे व्हता. हौसराव म्हणाला, व्हय, बॉम्बच, मीच लावला, पिशवीबी मीच चोरली. फटाके म्हणला असता तर कुणी दिले, कुणी शिकवलं, हे निघालं असतं, आन् साहेबरावचा बाप फासावर गेले असते. त्यानं आपल्या नावाला काळं फासून घेतलं आन् माझं कुंकू राखलं.

साहेबरावच्या बापानं एकोणतीस वर्सं तो शब्द पाळला. हौसरावाला कुणी शिवी दिली की घरी येऊन जेवायचे न्हाईत. मरताना माझा हात धरून म्हणाले, “शब्द माझा व्हता. माझ्यासंगं जाळ, आन् तू मोकळी हो.”

सभा मारुतीच्या देवळाम्होरं भरली. रंगुबाई येऊन एका कडंला बसली व्हती. सर्जेराव काय वाईट माणूस न्हाई, उगं खोटं कशाला बोलू. त्याचं दुखणं खरं व्हतं. त्या गाडीत त्याची आई व्हती, गिताबाई, आन् तिच्या मांडीवर सहा वर्सांचा तो सवता. ब्रेक मारल्यावर गिताबाईचं कपाळ आपटलं, त्याची खोक अजून दिसती. ती दाखवूनच तो म्हणाला, माझ्या आईच्या कपाळावर ज्यानं ही खूण केली त्याची पूजा ह्या गावात व्हायची न्हाई. लोकांनी माना हलवल्या.

मग मी उभी राहिले. बाई, त्यातनं आमच्या वाड्यातली, सभेत उभी राहिली म्हणल्यावर कुजबुज झाली. मी म्हणले, मला बाकी काय न्हाई बोलायचं, एकच इचारायचंय. बॉम्ब किती फुटले?

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हातारा म्हणाला सात. दुसरा म्हणाला, सात कुठले, बारा, माझ्या गोठ्याचं छप्पर हाललं. तिसरा म्हणाला, एकच पण तोफेएवढा. मी म्हणले, तुम्ही सगळे दारं लावून पांघरुणात व्हता. गाडीत कोण व्हतं तेवढंच बोला. सगळे गिताबाईकडं बघाया लागले. सत्तरीची म्हातारी, देवळाच्या पायरीला टेकून बसलेली. मी हात जोडले. “पाटलीणबाई, तुमच्या मारुतीसमोर खरं सांगा. किती?”

तिनं डोळं मिटलं. “चार,” ती म्हणाली. “आधी तीन झाले, लागोपाठ. मग गाडी कचाकचा दाबाया लागली. जरा येळानं एक झाला. मग थांबली. रोज झोपताना मोजते मी, मला इसरायचं न्हाई.”

तीस वर्सं त्या म्हातारीनं आमची साक्ष डोक्यात सांभाळली व्हती, आन् तिला ठाऊक न्हवतं. मी पुढं काय बोलायच्या आधीच मागनं आवाज आला. साहेबराव उभा राहिला व्हता. हातात गस्तीचा हातोडा, अंगात रेल्वेचा निळा सदरा, ड्यूटीवरनं तसाच आलेला. मला वाटलं, मला गप करायला आला.

तो म्हणाला, “चावीवाल्याला भरती झाल्यावर पहिल्या दिशी हे शिकवत्यात. रूळ तुटला असंल तर लांब तीन फटाके, दहा-दहा पावलांवर. अलीकडं एक. ते बॉम्ब न्हवते. ते गाडी थांबवायचे फटाके व्हते. पाडायची असती तर सांगून कोण पाडतं?”

मग त्यानं पिशवीतनं फटाका काढून सर्जेरावाच्या हातात ठेवला. पत्र्याची चपटी डबी. सर्जेराव ती उलटीपालटी करून बघत राहिला. त्यानं इचारलं, हौसरावाला हे कुणी शिकवलं? साहेबरावानं माझ्याकडं बघितलं, आन् मी मग धुकं, पाना, खांब, दिलेला शब्द, सगळं सांगितलं. काय लपवलं न्हाई. रूळ हौसरावानंच खोलला हेबी सांगितलं, पाना माझ्या घरचा हेबी सांगितलं. सांगता सांगता मी रडले, त्याची मला लाज न्हाई.

गिताबाईनं लेकाला हाक मारली. म्हणाली, “सर्ज्या, ही खोक मी तीस वर्सं शाप म्हणून मिरवली. आरं, गाडी थांबली म्हणून कपाळ फुटलं. थांबली नसती तर तू कुठं असतास?”

सर्जेराव उठला. सरळ चिंचंकडं गेला, धोतराचा काचा मारला आन् दगडाला हात घातला. एकट्याला काय हलतोय. साहेबराव धावला, वाड्यातली पोरं धावली, पाटलाची भावकी धावली. एका हिसक्याला दगड उताणा झाला. नावात माती भरलेली, कडंला चुन्याची बोटं. सर्जेरावानं डोक्याचं पागोटं सोडलं आन् त्या पागोट्यानं दगड पुसला. गावच्या सरपंचाचं पागोटं, आन् त्याला तंबाखूचा चुना! रंगुबाई पुढं आली, अक्षरांवरनं हात फिरवला, आन् तिथंच सर्जेरावाच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

गिताबाई म्हणाली, एका नावाचा दगड अर्धा हाय, दुसरं नाव कोरा. ग्रामसेवकानं वही काढली आन् इचारलं, चावीवाल्याचं नाव काय? गाव सगळं चावीवालाच म्हणायचं, नाव कुणाच्या ध्यानात न्हवतं. साहेबराव तोंड उघडणार तवर मी त्याला थांबवलं. हौसरावानं मार खाऊन ते नाव घेतलं न्हाई. मी लग्नापासनं रीत म्हणून घेतलं न्हाई. तीस वर्सांत ते नाव मोठ्यानं कुणी बोललंच न्हवतं. मी पदर खोचला.

“भिमा,” मी म्हणले. “लिवा. भिमा चावीवाला.”

साहेबरावच्या नोकरीला धक्का लागला न्हाई. दौंडाचा एक साहेब येऊन चौकशी करून गेला. जाताना म्हणाला, थांबलेल्या गाडीची शिक्षा कुणाला करायची, आन् माझ्या हातचा चहा पिऊन गेला.

सव्वीस जानेवारीला दगड उभा केला, फाटकापाशी, रुळाकडं तोंड करून. मांडवगणास्नं चार गाड्या भरून माणसं आली, भीमेच्या वाळूतनं ढोल वाजवत. आमच्या वाड्यातल्या बाया निळ्या काठाची लुगडी नेसून पुढं, पाटलांच्या बाया शेजारी. फडक्याचं एक टोक रंगुबाईच्या हातात, दुसरं गिताबाईच्या. तो लंगडा खबऱ्याबी आला व्हता. लांब बाभळीखाली उभा राहिला, हात जोडले न्हाईत त्यानं. त्याला कुणी काय म्हणलं न्हाई, त्याचा हक्क व्हता.

फडकं निघालं. हौसराव, खाली भिमा. माणसं जयजयकार कराया लागली तेवढ्यात दौंडाकडनं पॅसेंजरची शिट्टी आली. आन् मग धाड, धाड, धाड.

बेचाळीसला हेच आवाज ऐकून ह्या गावानं दारं लावली व्हती. आज कुणी जागचं हाललं न्हाई. लोकांनी मोठ्यानं मोजलं, एक, दोन, तीन. मग म्हातारी माणसं श्वास धरून रुळाकडं बघत राहिली. आन् चौथा झाला, धाड! काय आरोळी उठली बाई, काय सांगू. सर्जेरावानं साहेबरावला मिठीच मारली. फटाके कुणी लावले ते इचारू नका, मी सांगायची न्हाई. शब्द पाळायची आमच्या घरात सवय हाय.

गाडी हळूहळू येऊन बरोबर दगडाम्होरं थांबली. डायवर टोपी काढून हसत व्हता. खिडक्या-खिडक्यांतनं माणसांनी मुंडकी बाहेर काढली. एक तरणी बाई, मांडीवर पोरगं घेतलेली, घाबरून इचाराया लागली, काय झालं वं, काय झालं?

गिताबाई काठी टेकत डब्यापाशी गेली आन् त्या पोराच्या गालावरनं हात फिरवला.

“काय न्हाई झालं, बाई,” ती म्हणाली. “तवाबी काय न्हाई झालं. ह्या दोघांनी होऊ दिलं न्हाई.”